पोलिसांनी वस्तू नेली, गुन्हा मात्र काही नाही: ती परत कशी मिळवायची?

आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी मागच्या जूनमध्ये आम्हाला भेटायला आली. बारावी सायन्स झालं होतं, डी. फार्मसीला प्रवेश घ्यायचा होता. अडचण एकच. दहावीची मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र ज्या फाइलमध्ये होतं, ती फाइल आठ महिन्यांपासून पोलीस ठाण्यात पडून होती. तिच्या मोठ्या भावाचं कल्याणमध्ये मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. चोरीच्या मोबाइलच्या तपासात पोलीस दुकानात आले. लॅपटॉप, चार मोबाइल आणि ड्रॉवरमधली ती फाइल घेऊन गेले. भावाला रात्रीपर्यंत विचारपूस करून सोडून दिलं. त्याच्यावर गुन्हा नाही, अटक नाही, आरोपपत्र नाही.

मग माल मागायला कुणी गेलं का? नाही. अम्मी म्हणाल्या, "सोडलं तेच खूप झालं, सर. मागायला गेला तर परत बसवून ठेवतील."

हे वाक्य आम्ही मुंब्रा, राबोडी, भिवंडी, कल्याण, सगळीकडे ऐकलं आहे. पोलीस ठाण्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका ठाण्याचा नाही. प्रश्न आपल्या भीतीचा आणि माहिती नसण्याचा आहे. आपली वस्तू लेखी मागणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. कायद्याने ही मागणी करण्याची वाट आखून ठेवली आहे आणि आपण मागितल्याशिवाय ती वस्तू सहसा कुणी घरी आणून देत नाही. म्हणून ही वाट इथे पायरीपायरीने मांडत आहोत. ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावाच.

आधी ओळखा: तुमची वस्तू कोणत्या कागदावर गेली?

"गुन्हा नाही" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्याचे प्रकार वेगवेगळे असतात. प्रकार ओळखला की कोणाकडे जायचं ते ठरतं.

१. एफआयआर आहे, पण दुसऱ्या कुणावर किंवा अज्ञात व्यक्तीवर. तुमची वस्तू तपासासाठी नेली आहे. वरच्या मुलीच्या भावाचं प्रकरण असंच होतं.

२. एफआयआर तुमच्यावर आहे, पण अजून आरोपपत्र दाखल झालेलं नाही. इथे एक गैरसमज दूर करू. साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ती मुदत माणसासाठी आहे, मालासाठी नाही. साठ दिवस झाले म्हणून मोबाइल आपोआप परत मिळत नाही.

३. पोलिसांनी कोर्टात 'समरी' पाठवली आहे. महाराष्ट्रात याचे तीन प्रकार आहेत. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. 'ब' समरी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. 'क' समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. समरी मंजूर झाली तरी मालाबद्दल वेगळा आदेश लागतो. तो मागितला नाही तर माल मुद्देमाल खोलीतच राहतो.

४. एफआयआर नाहीच. फक्त अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, किंवा शांतता भंगाची प्रतिबंधक कारवाई, ज्याला आपल्याकडे 'चॅप्टर केस' म्हणतात. किंवा नुसती स्टेशन डायरीत नोंद.

५. कोणताच कागद नाही. "साहेबांनी मोबाइल ठेवून घेतला, उद्या या म्हणाले." हा सर्वात कठीण प्रकार. इथे पहिलं काम म्हणजे कागद तयार करणं.

वाहतूक पोलीस किंवा आरटीओने मोटार वाहन कायद्याखाली अडकवून ठेवलेली गाडी हा विषय वेगळा आहे. तिथे कागदपत्रं दाखवून, दंड भरून त्याच खात्याकडून गाडी सोडवायची असते.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ म्हणजे सीआरपीसी होती. ज्या प्रकरणांचा तपास त्या तारखेआधीच चालू होता, ती जुन्या कायद्याने पुढे जातात. म्हणून खाली दोन्ही कलमं देत आहोत. ती वहीत लिहून ठेवा.

जप्तीचा अधिकार: नवीन कलम १०६, जुनं १०२. वस्तू चोरीची असल्याचा संशय असेल किंवा गुन्ह्याचा संशय येईल अशा परिस्थितीत ती सापडली असेल, तर पोलीस अधिकारी ती जप्त करू शकतो. मात्र जप्तीची माहिती त्याने विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायची असते. याच कलमात आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. वस्तू ठेवायला जागेची अडचण असेल किंवा तपासासाठी ती पुढे ठेवून घेण्याची गरज नसेल, तर "बोलावू तेव्हा हजर करीन" असं बंधपत्र घेऊन पोलीस ती कुणाच्याही ताब्यात देऊ शकतात. म्हणजे काही प्रकरणांत कोर्टाच्या पायरीपर्यंत जाण्याचीही गरज नसते.

झडती आणि यादी: नवीन कलम १०३, जुनं १००. घराची किंवा दुकानाची झडती घेताना परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित, निःपक्ष पंच हवेत. जप्त वस्तूंची यादी करून त्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि जागेत राहणाऱ्या व्यक्तीला यादीची प्रत द्यायची. ही प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे.

चित्रीकरण: नवीन कलम १०५. हे जुन्या कायद्यात नव्हतं. आता झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावं लागतं. म्हणून अर्जात "या जप्तीचं चित्रीकरण झालं आहे का?" हा प्रश्न जरूर लिहा.

माल परत देण्याचा आदेश: आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम ५०३, जुनं ४५७. जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला दिली आहे, पण चौकशीत किंवा खटल्यात माल कोर्टासमोर आलेला नाही, अशा वेळी दंडाधिकारी तो माल ताब्याचा हक्क असलेल्या माणसाला देण्याचा आदेश करू शकतो. हक्कदार कोण हे माहीत नसेल तर जाहीर उद्घोषणा काढून सहा महिन्यांत दावा सांगायला कळवलं जातं. त्या मुदतीत कुणी हक्क सिद्ध केला नाही आणि ज्याच्याकडे माल सापडला त्यालाही तो कायदेशीरपणे मिळवल्याचं दाखवता आलं नाही, तर पुढच्या कलमाने, नवीन ५०४, तो माल सरकारजमा होऊ शकतो. गप्प बसण्याची किंमत ही अशी असते.

माल कोर्टात हजर केला असेल तर: कलम ४९७, जुनं ४५१. नवीन कायद्यात इथे मुदती आल्या आहेत. माल हजर झाल्यापासून १४ दिवसांत कोर्टाने त्याचं वर्णनपत्र तयार करायचं, फोटो आणि गरज असेल तर चित्रीकरण करून घ्यायचं आणि त्यानंतर ३० दिवसांत मालाच्या विल्हेवाटीचा किंवा परतीचा आदेश द्यायचा. पुढे पुरावा म्हणून ते वर्णनपत्र आणि फोटो चालतात.

सर्वोच्च न्यायालयाचे लक्षात ठेवण्यासारखे निकाल

सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य, २००२. हा निकाल प्रत्येक वकिलाला तोंडपाठ असतो. गंमत बघा, या खटल्यात आरोपी स्वतः पोलीस कर्मचारी होते. ठाण्यातला मुद्देमाल बदलणं, रक्कम हडप करणं, परवानगीशिवाय लिलाव करणं असे आरोप त्यांच्यावर होते. त्यावर न्यायालयाने सांगितलं की माल पोलीस ठाण्यात दीर्घकाळ पडून राहू नये. १५ दिवस ते एक महिना, यापेक्षा जास्त तर नकोच. सविस्तर पंचनामा, फोटो, बंधपत्र आणि योग्य तारण घेऊन माल परत द्यावा. दागिने, रोकड आणि वाहनं या सगळ्यांबद्दल या निकालात मार्गदर्शन आहे.

बसव्वा पाटील विरुद्ध म्हैसूर राज्य, १९७७. चोरीला गेलेले दागिने तपासात सापडले, पण पोलिसांच्या ताब्यात असताना पेटीतून गायब झाले. सरकारने योग्य काळजी घेतल्याचं दाखवता येत नसेल, तर मालकाला त्या मालाची किंमत द्यावी लागेल, असं न्यायालयाने ठरवलं.

महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी, १९९९. बँक खातं ही सुद्धा 'मालमत्ता' आहे आणि पोलीस ते गोठवू शकतात. त्यामुळे गोठवलेल्या खात्यासाठीही हीच वाट लागू होते.

नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २०१९. जुन्या कलम १०२ खाली पोलिसांना घर, गाळा, जमीन अशी स्थावर मालमत्ता जप्त करता येत नाही. तपासासाठी त्याचे कागद मात्र नेता येतात.

आणि एक निकाल आपल्याला न आवडणारा. शेंटो वर्गीस प्रकरण, २०२४. जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला उशिरा दिली म्हणून जप्ती आपोआप रद्द होत नाही. उशिराचं कारण अधिकाऱ्याला द्यावं लागतं आणि ते समाधानकारक नसेल तर खात्यांतर्गत कारवाई होऊ शकते. तेव्हा "त्यांनी कोर्टाला कळवलंच नव्हतं, आता माल आमचाच" या भरवशावर राहू नका.

पायरीपायरीने काय करायचं

पहिली पायरी: कागद गोळा करा. गुन्हा रजिस्टर नंबर, जप्ती पंचनाम्याची प्रत, तपासी अंमलदाराचं नाव, जप्तीची तारीख. एफआयआर संवेदनशील प्रकारातला नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर तो पाहायला मिळतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पोलीस ठाणं आणि एफआयआर नंबर टाकून प्रकरण कोर्टात गेलं आहे का हे कळतं. वस्तू तुमचीच आहे हे दाखवणारे कागदही जोडा: बिल, मोबाइलचा खोका, आरसी बुक, बँकेचा उतारा. बिल नसेल तर प्रतिज्ञापत्र करा.

दुसरी पायरी: वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना लेखी अर्ज. तोंडी विनंती कितीही वेळा केली तरी तिची नोंद राहत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख, सही घ्या. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका. तोच अर्ज टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने पाठवा. ती पावतीही पुरावाच आहे. जाताना एकट्याने जाऊ नका. घरातली वडीलधारी व्यक्ती किंवा मोहल्ल्यातला जाणता माणूस बरोबर घ्या. पण पंधरा जणांचा जमाव नेऊ नका, त्याने काम बिघडतं.

तिसरी पायरी: उत्तर नाही तर वर जा. पंधरा दिवस वाट पाहून सहायक पोलीस आयुक्त आणि परिमंडळाचे पोलीस उपायुक्त यांना अर्जाची प्रत पाठवा. ठाणे पोलीस आयुक्तालयात ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर हा सगळा पट्टा येतो आणि कल्याण-डोंबिवलीची ठाणी परिमंडळ ३ मध्ये मोडतात. सोबत माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात तपासाचा तपशील मागू नका, तो तपासाच्या कारणाने नाकारला जाऊ शकतो. फक्त मुद्देमाल रजिस्टरमधला क्रमांक आणि जप्तीची खबर कोणत्या कोर्टाला कोणत्या तारखेला दिली, एवढंच विचारा.

चौथी पायरी: दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोलिसांच्या उत्तराची वाट पाहत वर्ष घालवण्याची गरज नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली, माल कोर्टात हजर झाला असेल तर ४९७ खाली, मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करता येतो. कल्याण आणि डोंबिवलीच्या ठाण्यांसाठी कल्याण न्यायालय, मुंब्रा, राबोडी, कळव्यासाठी ठाणे न्यायालय, भिवंडीसाठी भिवंडी न्यायालय. रेल्वेच्या हद्दीतली जप्ती असेल तर ती लोहमार्ग पोलिसांची असते. तेव्हा त्यांचं प्रकरण कोणत्या कोर्टात जातं ते आधी विचारून घ्या.

अर्ज दाखल झाल्यावर कोर्ट सरकारी वकील आणि तपासी अंमलदार यांचं म्हणणं मागवतं. कोर्टाच्या बोलीत याला 'से' म्हणतात. बहुतेक उशीर या 'से'मध्येच होतो. तारखेला हजर राहा. 'से' आला नसेल तर वकिलांमार्फत कोर्टाच्या निदर्शनास आणून द्या. तपासी अंमलदाराने "हरकत नाही" लिहिलं तर काम सोपं होतं. हरकत घेतली तर त्यांना कारण सांगावं लागतं: वस्तू कशासाठी हवी, तपासणी झाली का, फोटो काढून भागणार नाही का.

पाचवी पायरी: आदेश आणि बंधपत्र. कोर्ट बहुधा अटी घालतं. वस्तू विकायची नाही, तिच्यात बदल करायचा नाही, बोलावल्यावर हजर करायची. या अटी गंभीरपणे पाळा. आणि हे समजून घ्या की अशा आदेशाने ताबा मिळतो. मालकीचा वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो.

अर्ज फेटाळला तर सत्र न्यायालय आणि त्यापुढे उच्च न्यायालय, असे मार्ग आहेत. गुन्ह्याची मुदतही तपासा. एक वर्षाहून जास्त पण तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत कोर्टाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षे आहे आणि नुसत्या दंडाच्या गुन्ह्यांत सहा महिने. ती उलटून गेली असेल आणि आरोपपत्र नसेल, तर माल ठेवून घेण्याचं कारणच कमकुवत होतं.

वस्तूनुसार काय वेगळं?

मोबाइल आणि लॅपटॉप. इथे पोलिसांचं नेहमीचं उत्तर असतं, "फॉरेन्सिकला पाठवलाय." पाठवला असेल तर पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख विचारा. अर्जात लिहा की डेटाची न्यायवैद्यक प्रत काढून उपकरण परत द्यावं. आयएमईआय नंबर अर्जात हवाच. सिमकार्डही गेलं असेल तर कंपनीकडून त्याच नंबरचं दुसरं सिम घेता येतं. मात्र तपासी अंमलदाराला तसं लेखी कळवून मगच घ्या. मुलांचे प्रवेश, शिष्यवृत्ती, बँक, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. उपकरण जप्तीसाठी नीट नियमावली असावी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांच्या उपकरणांच्या संदर्भात न्यायालयाने केंद्राला मार्गदर्शक तत्त्वं आणायला सांगितलं होतं.

रिक्षा, टेम्पो, दुचाकी. हे पोट भरण्याचं साधन, म्हणून अर्जात रोजचं नुकसान आणि कर्जाचा हप्ता स्पष्ट लिहा. आरसी बुक, विमा, पीयूसी, परवाना जोडा. गाडी हप्त्यावर असेल तर फायनान्स कंपनीचं पत्र घ्या. पावसाळ्यात ठाण्याच्या आवारात उभी राहून गाडी गंजते, हा मुद्दा कोर्टात चालतो, फोटो जोडा.

रोकड. पैसा कुठून आला हे कागदावर दाखवावं लागेल: बँकेतून काढल्याची नोंद, विक्रीचं बिल, व्यापाराचं खातं. मदरशाचा किंवा मशिदीचा चंदा असेल तर संस्थेचं पत्र आणि क्रमवार पावतीपुस्तक हवं. रमजानमध्ये चंदा गोळा करणाऱ्यांनी ओळखपत्र आणि पावतीपुस्तक जवळ ठेवल्याशिवाय बाहेर पडू नये, हे आम्ही कळकळीने सांगतो.

निवडणुकीतली रोकड. लोकसभा आणि विधानसभेच्या आचारसंहितेत भरारी पथकं गाड्या तपासतात. ५० हजार रुपयांहून जास्त रोकड कागदांशिवाय सापडली तर अडचण येते. पण निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धतीत सामान्य माणसासाठी तरतूद आहे. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, खर्च नियंत्रणाचे समन्वयक अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी यांची तीन सदस्यांची तक्रार निवारण समिती असते. रकमेचा उमेदवाराशी किंवा पक्षाशी संबंध नसेल आणि एफआयआर नसेल, तर समितीने स्वतःहून तपासून रक्कम सोडायची असते. गुन्हा नोंदवलेला नसताना मतदानानंतर सात दिवसांपेक्षा जास्त काळ प्रकरण लटकत ठेवता येत नाही. रक्कम १० लाखांहून जास्त असेल तर आयकर विभागाला कळवलं जातं. समितीचा पत्ता आणि अपिलाची माहिती जप्तीच्या कागदावर असते. तो कागद फेकू नका.

भंगार आणि दुकानातला माल. भिवंडी, मुंब्र्यात भंगाराचा धंदा करणाऱ्यांनी खरेदीची वही ठेवलीच पाहिजे: कोणाकडून, कधी, किती किलो, ओळखपत्राचा नंबर. चोरीचा माल घेतल्याचा संशय आला तर हीच वही तुम्हाला वाचवते आणि माल परत मिळवून देते.

बँक खातं. सायबर प्रकरणात तुमच्या खात्यात संशयित रक्कम आली म्हणून पूर्ण खातं गोठवलं जातं. बँकेकडून लेखी घ्या की कोणत्या राज्यातल्या कोणत्या पोलिसांनी, कोणत्या तक्रार क्रमांकावरून, किती रकमेसाठी सांगितलं. मग त्या तपासी अधिकाऱ्याला व्यवहाराचे पुरावे ईमेलने आणि टपालाने पाठवा. वादातली रक्कम रोखून बाकी खातं खुलं करावं अशी मागणी करा.

मूळ कागदपत्रं. गुणपत्रिका, दाखले, पासपोर्ट. प्रमाणित प्रती काढून मूळ परत द्यावेत, अशी स्वतंत्र मागणी करा. प्रवेशाची शेवटची तारीख अर्जात ठळक लिहा.

विशेष कायदे. अमली पदार्थ, दारूबंदी, प्राणी संरक्षण, मनी लाँडरिंग, यूएपीए यांत जप्तीचे आणि परतीचे स्वतःचे नियम आहेत. वर सांगितलेली वाट तिथे जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे पहिल्या दिवसापासून वकील घ्या.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
............ पोलीस ठाणे.

विषय: जप्त केलेली वस्तू परत मिळणेबाबत.

महोदय,
मी खाली सही करणार, राहणार ............ . दिनांक ............ रोजी ............ या ठिकाणाहून आपल्या ठाण्यातील अधिकाऱ्यांनी माझ्या पुढील वस्तू ताब्यात घेतल्या: (वर्णन, क्रमांक, अंदाजे किंमत). गुन्हा रजिस्टर नंबर (माहीत असल्यास) ............ . या प्रकरणात माझ्याविरुद्ध आरोपपत्र दाखल झालेले नाही. या वस्तू माझ्या मालकीच्या असून पुरावे सोबत जोडले आहेत. वस्तूंअभावी माझे पुढील नुकसान होत आहे: ............ .

तपासासाठी वस्तूंची गरज राहिली नसल्यास कलम १०६ प्रमाणे बंधपत्रावर त्या मला द्याव्यात. देता येत नसल्यास मुद्देमाल क्रमांक, जप्ती पंचनाम्याची प्रत, जप्तीचे चित्रीकरण झाले आहे काय आणि जप्तीची खबर कोणत्या न्यायालयास कधी दिली, हे लेखी कळवावे. मी तपासात सहकार्य करीत आलो/आले असून यापुढेही करीन.

आपला/आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल, दिनांक)

भाषा एवढीच साधी ठेवा. आरोप, टोमणे, राजकारण काही नको. शेवटचं सहकार्याचं वाक्य गाळू नका.

वस्तू हातात घेताना

घाईघाईत सही करू नका. मोबाइल तिथेच चालू करून पाहा, आयएमईआय जुळवा. गाडीचे टायर, बॅटरी, स्टेपनी तपासा. नोटा मोजा, दागिन्यांचं वजन पंचनाम्याशी ताडून पाहा. काही कमी किंवा मोडलेलं असेल तर पावतीवर सहीच्या वर तसं लिहा. वस्तू गहाळ असेल तर त्याच कोर्टात लेखी सांगा. १९७७ चा निकाल इथे कामी येतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर

ठाणे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका न्यायालयांत विधी सेवा समिती असते. तिथे मोफत वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्तींनाही हा हक्क आहे. मदतीसाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. वस्तू घरातल्या बाईच्या नावाची असेल तर अर्ज तिच्याच नावाने करा. बिल तिच्या नावावर असेल तर हक्क तिचाच आहे आणि विधी सेवाही सहज मिळते.

एक इशारा. "साहेबांशी ओळख आहे, पाच हजारात मोबाइल काढून देतो" म्हणणारे दलाल कोर्टाबाहेर आणि ठाण्याबाहेर भेटतात. असा पैसा देणं हाच गुन्हा आहे आणि मिळालेल्या वस्तूचा कागद तुमच्याकडे राहत नाही. पुढे कोर्टाने वस्तू मागितली तर तुम्हीच अडकता.

त्या मुलीचं काय झालं?

अर्ज भावाने नाही, तिने स्वतः लिहिला, कारण फाइल तिची होती. आमचं काम फक्त शुद्धलेखन तपासण्याचं. ठाण्यात शिक्का मिळाला, उत्तर नाही. तिसऱ्या आठवड्यात विधी सेवा समितीच्या वकील बाईंनी कोर्टात अर्ज लावला. तपासी अंमलदाराने 'से'मध्ये लिहिलं की गुन्ह्यात 'अ' समरी पाठवली आहे आणि सदर कागदांची तपासाला आवश्यकता नाही. सातव्या आठवड्यात फाइल हातात आली, प्रवेशाच्या शेवटच्या फेरीच्या चार दिवस आधी. लॅपटॉपही मिळाला, बॅटरी मेलेली. पावतीवर तिने तसं लिहून घेतलं.

"आवश्यकता नाही" हे वाक्य आठ महिने कुणीच लिहिलं नव्हतं, कारण आठ महिने कुणी विचारलंच नव्हतं. अम्मींना परत बसवून ठेवायला कुणी आलं नाही. तुमच्या घरात अशी एखादी वस्तू अडकली असेल तर या जुम्म्यानंतर घरच्यांसोबत बसा, वरचा नमुना समोर ठेवा आणि अर्ज लिहा. लिहिता येत नसेल तर आपल्या भागातल्या कोणत्याही शाळेतल्या शिक्षकाला गाठा. एक पान लिहून द्यायला कुणी नाही म्हणणार नाही.